काडी ओढण्याआधी…

हिवाळी सुट्टी लागली की तुमच्यापैकी कितीतरी जण सातारा, सांगली, कोल्हापूरकडची एसटी पकडता. अंधार पडता पडता खिडकीतून एक ओळखीचं दृश्य दिसतं. ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटलेलं असतं. बांधावरचा लिंब होरपळतो आणि सकाळी अंगणात काजळी पडलेली असते. दिल्लीच्या धुराचा विषय निघाला की आपण पंजाबकडे बोट दाखवतो. आपल्या रानातला धूर मात्र आपल्याला खुपत नाही!

आता जरा हिशोब मांडू. हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे चाळीसेक किलो. युरियाच्या दोन गोण्यांत असतं तेवढं! काडी ओढली की त्यातलं बहुतेक हवेत जातं. मातीला मिळणारा सेंद्रिय कर्बही जातो. मग पुढच्या वर्षी ‘जमीन साथ देईना’ म्हणत आपणच खताचा डोस वाढवतो.

काहीजण म्हणतील, ‘जळताना निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस शोषून घेतोच की!’ बरोबर आहे. पण आगीतून मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि काजळीही बाहेर पडते. नायट्रस ऑक्साइड तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. जास्तीच्या युरियातूनही हाच वायू निघतो. २०१९ मध्ये जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगल आणि जमीनवापरातून आले होते. म्हणजे प्रश्न फक्त कारखान्याच्या धुराड्यांचा आणि गाड्यांचा नाही.

मग शेतकरी जाळतो का? त्याला कळत नाही म्हणून? मुळीच नाही. पाचटात उंदीर होतात, सापाची भीती असते, सरीला पाणी नीट पोचत नाही, मजूर मिळत नाहीत. काडेपेटी एक-दोन रुपयांची आणि काम अर्ध्या तासाचं. हे नीट ऐकून न घेता घरी जाऊन बाबांना लेक्चर द्याल, तर ‘चार बुकं शिकलास म्हणून…’ हे ऐकायची तयारी ठेवा.

उपाय अवघड नाही. पाचट सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायचे. इथे युरिया लागतोच, कारण जिवाणूंनाही खुराक हवा. पण पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण कमी उगवतं आणि खोडव्याला घरचं खत मिळतं. पाणी कमी पडणाऱ्या गावात ही ओल किती मोलाची, ते तुम्हाला सांगायला नको.

अडचण आहे ती सुरुवातीच्या खर्चाची आणि कष्टाची. तो भार एकट्या शेतकऱ्यावर का? साखर कारखाने आणि सोसायट्यांनी पाचट कुट्टी यंत्रं परवडणाऱ्या भाड्याने द्यायला हवीत. ऊस नेणाऱ्याने पाचटाची जबाबदारी झटकू नये.

आणि तुम्ही? एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर बऱ्याचदा याच दिवसांत असतं. दरवर्षी गल्ल्या झाडतो, प्रभातफेरी काढतो. यंदा एखाद्या शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरात पाचट सरीत दाबून द्या. घरी शेती असेल तर बाबांकडे सगळं रान मागू नका, चारच सऱ्या मागा. जून येईपर्यंत त्या सऱ्यांतली माती आणि शेजारच्या जाळलेल्या रानातली माती दोन्ही हातात घेऊन बघा.

पुढच्या हंगामात काडी ओढायची की नाही, ते मग बाबाच ठरवतील.