उभ्या इंजिनाचा हिशेब



कापसाच्या पट्ट्यात पौषाची थंडी पडली की पारा आठ-दहा अंशांवर उतरतो आणि पहाटे गावोगाव एकच देखावा दिसतो. ट्रॅक्टर अंगणात चालू, मालक शेकोटीजवळ आणि सायलेन्सर पांढरा धूर ओकतो आहे. विचारले तर उत्तर ठरलेले, "इंजिन गरम होऊ द्या." त्या अर्ध्या तासाचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडू.

डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, नोझलमधून डिझेलचा फवारा येतो आणि त्या उष्णतेनेच पेटतो. थंडीत लोखंड गार असते. ते ही उष्णता शोषून घेते. ऑइल घट्ट झालेले असते, बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. म्हणून इंजिन लवकर उठत नाही. आणि उठल्यावर येणारा पांढरा धूर म्हणजे बहुतांशी न जळलेले डिझेल.

आता हे इंजिन नुसते उभे ठेवून तापते का? तापते, पण फार सावकाश. ओझे नाही म्हणून डिझेल थोडे जळते, डिझेल थोडे जळते म्हणून उष्णता थोडी. गार इंजिनात अर्धवट जळलेल्या डिझेलचा काही भाग रिंगांवरून खाली उतरतो आणि ऑइल पातळ करतो. नोझलवर काजळी धरते. म्हणजे ज्या इंजिनाची काळजी म्हणून हे करायचे, त्याचीच झीज वाढते.

खरी रीत सोपी आहे. इंजिन सुरू करावे, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबावे आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश निघावे. पहिले एक-दोन किलोमीटर रेस करू नये, एकदम ओझे टाकू नये. चालता चालता इंजिन लवकर तापते. टर्बो असेल तर ओझे ओढून आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर थांबावे. आणि बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. तो धूर जिवावर बेततो.

आता पैशाचे पाहू. उभा ट्रॅक्टर तासाला साधारण लिटरभर डिझेल पितो. रोज अर्धा तास धरला तर हिवाळ्याच्या १०० दिवसांत ५० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तरी ४,५०० रुपये. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये आहे. म्हणजे क्विंटलभराहून जास्त ज्वारी धुरात गेली, तीही हमीभाव हातात पडला तर!

मग शहाणा माणूसही इंजिन बंद का करत नाही? याचे उत्तर वावरला मिळते. तुमच्या बोलीत वावर म्हणजे शेत. हे वावर मात्र पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यातले गाव आहे. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला हे नाव कळले. अशा डोंगरी मुलखात रात्रीबेरात्री आजारी माणूस जव्हारला न्यायचा तर जीप सुरू होणे ही चैन नसते. बॅटरी थकलेली, रिंगा झिजलेल्या, त्यामुळे इंजिनात दाब नाही. अशा गाडीचा चालक रात्री ती उतारावर लावतो, म्हणजे सकाळी धक्क्यावर सुरू होते. आणि एकदा सुरू झाली की बंद करायला तो धजत नाही. त्याला हसू नका. तुमच्या-माझ्या ट्रॅक्टरचेही तेच आहे. इंजिन गरम करायचे हे निमित्त असते, खरी भीती ते पुन्हा उठणार नाही याची असते. दुरुस्तीला पैसा नाही म्हणून डिझेल जाळायचे आणि डिझेल जाळले म्हणून दुरुस्तीला पैसा उरत नाही. दोन हिवाळ्यांचे वाचलेले डिझेल नव्या बॅटरीची सोय करते, हे ध्यानात घ्या.

हीच भीती कापसाच्या खरेदी केंद्राबाहेर दिसते. रांग इंचाइंचाने सरकते आणि पहाटेच्या थंडीत ट्रॉलीमागून ट्रॉली चालू असते. सीसीआयने २०२५ च्या हंगामात 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवण्याची सोय केली. दिवस ठरतो तशी काट्याची वेळही ठरावी आणि पाळली जावी. रांगेत जळणारे डिझेल शेतकऱ्याचे असते, केंद्राचे नव्हे.

सरकारला मात्र यात तोटा नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले. २०१७ साली जीएसटी आला, त्यातून डिझेल बाहेर राहिले. केंद्राचे उत्पादन शुल्क वेगळे, राज्याचा व्हॅट वेगळा. उभ्या इंजिनात जळालेल्या लिटरवरही दोघांना कर मिळतो. आपल्या पदरात एक तासही पडत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक गावात हिवाळ्याआधी बॅटरी, नोझल आणि ऑइलची तपासणी एकत्र करून घ्यावी. खरेदी केंद्रावर काट्याची वेळ मागावी. आणि शेतीच्या डिझेलवरच्या कराचा हिशेब सरकारकडे मागावा. आपण सूट मागत नाही. आपल्या खिशातून किती जाते, तेवढे सांगा म्हणतो.

इंजिन चालले पाहिजे ते कामासाठी. उभे असेल तर चावी फिरवा.