दूरवरची संगणकदुरुस्ती : सोय मोठी, जोखीमही मोठी

मुंबई : संगणक बिघडला की दुरुस्ती करणाऱ्याला घरी बोलवायचे आणि तो येईपर्यंत खोळंबून राहायचे, ही पद्धत शहरांतून मागे पडत चालली आहे. ठाण्यातल्या आजोबांचा प्रिंटर परदेशी असलेला नातू तिथूनच सुरू करून देतो आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणारा तरुण दुकानातून न उठता दिवसभरात अनेक घरांतल्या तक्रारी निकाली काढतो. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर आणणाऱ्या आणि त्याचा माऊस हाती देणाऱ्या 'रिमोट अॅक्सेस' सॉफ्टवेअरची ही किमया आहे. मात्र हेच सॉफ्टवेअर आर्थिक फसवणूक करणाऱ्या टोळ्यांचेही आवडते हत्यार ठरले आहे. त्यामुळे घरगुती मदतीसाठी कोणते साधन निवडावे हा प्रश्न केवळ तांत्रिक उरलेला नाही. तो घरातल्या बचतीच्या सुरक्षिततेचा झाला आहे.

पर्याय बदलत गेले

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर 'रिमोट असिस्टन्स' ही सोय दिली. परंतु राउटरमागे असलेल्या दोन घरगुती संगणकांची गाठ घालून देणे तिला अनेकदा जमत नसे. 'रिमोट डेस्कटॉप' ही दुसरी सोय तर विंडोजच्या होम आवृत्तीत मिळतच नाही. त्या संगणकावरून दुसरीकडे जाता येते, त्याच्यात बाहेरून शिरता येत नाही. ही उणीव खासगी कंपन्यांनी हेरली. २००५ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या टीमव्ह्यूअरने आणि पुढे तिथल्याच एनीडेस्कने मधला मार्ग काढला. दोन्ही संगणक स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडले जातात आणि तिथे त्यांची गाठ पडते. वापरणाऱ्याने केवळ पडद्यावरचा क्रमांक फोनवर सांगायचा. राउटरच्या सेटिंगला हात लावण्याची गरज उरली नाही.

या मार्गाची किंमत मात्र विसरता येणार नाही. मधल्या कंपनीवर विश्वास ठेवणे येथे अपरिहार्य ठरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या कार्यालयीन नेटवर्कमध्ये शिरकाव झाला. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नसल्याचे कंपनीने सांगितले. मधला सर्व्हर टाळण्यासाठी काही हौशी मंडळी राउटरमधून रिमोट डेस्कटॉपचा मार्ग थेट महाजालावर उघडा ठेवतात. तो उपाय रोगापेक्षा भयंकर आहे. २०१९ मध्ये या सेवेत 'ब्ल्यूकीप' नावाची त्रुटी सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली होती.

'फुकट' शब्दाची मर्यादा

निवडीचा दुसरा निकष परवान्याचा आहे. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क हे दोन्ही वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य आहेत. आईवडिलांना मदत करणाऱ्या मुलाला ते चालते. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या व्यावसायिकाला चालत नाही. वापर व्यावसायिक असल्याचा संशय आल्यास जोडणी मध्येच तोडली जाते आणि काम अर्धवट राहते. शिवाय फुकटची सोय कायम राहील याची खात्री नसते. लॉगमीइनने जानेवारी २०१४ मध्ये आपली विनामूल्य सेवा अवघ्या आठवड्याभराची मुदत देऊन बंद केली होती. म्हणूनच व्यावसायिकाने एकतर रीतसर परवाना घ्यावा, नाहीतर 'रस्टडेस्क'सारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरावे. त्यात मधला सर्व्हरही स्वतःचा ठेवता येतो. अर्थात त्या सर्व्हरची देखभाल आणि सुरक्षितता मग स्वतःलाच पाहावी लागते.

कुटुंबापुरत्या मदतीसाठी विंडोज १० आणि ११ मधील 'क्विक असिस्ट' पुरेसे आहे. यात खाते लागते ते मदत करणाऱ्याला. मदत घेणाऱ्याने थोड्या वेळापुरता चालणारा कोड तेवढा भरायचा. कायमचा पासवर्ड मागे उरत नाही. प्रशासकीय परवानगीची चौकट उघडली की मदतनिसाचा पडदा बहुधा काळा होतो आणि 'होय' म्हणण्याचे काम मालकालाच करावे लागते. दुरुस्ती करणाऱ्याला हा अडथळा वाटतो. मालकाच्या दृष्टीने ते कवच आहे. दोन्हीकडे गुगल खाते असल्यास 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' हाही विनामूल्य पर्याय आहे आणि तो मॅकवरही चालतो.

खरा धोका फोनवर

तरीही केवळ चांगले साधन निवडल्याने फसवणूक टळत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्कबाबत सावध केले होते. ग्राहकाला मोबाइलवर ते अॅप घ्यायला लावायचे, त्यावर उमटणारा नऊ अंकी क्रमांक विचारून घ्यायचा, परवानग्या द्यायला लावायच्या आणि यूपीआयद्वारे खाते रिकामे करायचे, अशी ती रीत होती. यात अॅपमध्ये कोणताही दोष नव्हता. ते जे करण्यासाठी बनवले, तेच करत होते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्विक असिस्टच्या अशाच गैरवापराची माहिती दिली. आधी निरुपयोगी ईमेलचा भडिमार करायचा आणि मग तंत्रज्ञ असल्याचे भासवून 'मदतीसाठी' फोन करायचा, असा तो डाव होता.

म्हणजेच साधनाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा मुद्दा फोन कोणी केला हा आहे. आपण ओळखीच्या माणसाला स्वतःहून फोन केला असेल तरच कोड सांगावा. बँक, वीज कंपनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या नावाने समोरून आलेला फोन सरळ बंद करावा. संगणकाच्या पडद्यावर इशारा झळकून त्यात फोन क्रमांक दिसला, तर तो बनावटच समजावा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत असा क्रमांक नसतो.

मदत चालू असताना मालकाने पडद्यासमोरून हलू नये, बँकेची पाने बंद ठेवावीत आणि काम आटोपताच जोडणी तोडावी. मालक समोर नसतानाही आत शिरता येईल अशी कायमची सोय केवळ अगदी जवळच्या माणसासाठी, स्वतंत्र पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीसह ठेवावी. गरज संपताच ती काढून टाकावी. एवढे करूनही पैसे गेलेच, तर बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते रोखता येतील की नाही, हे तक्रारीच्या वेळेवर अवलंबून असते.

दुरुस्ती व्यावसायिकांवरही यात जबाबदारी येते. काम संपल्यावर सॉफ्टवेअर ग्राहकाच्या संगणकात तसेच सोडून देण्याची सवय त्यांनी मोडायला हवी. कोड मागण्यासाठी आपण स्वतःहून कधीही फोन करणार नाही, हे प्रत्येक ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवले, तर भामट्याचा फोन ओळखणे त्या ग्राहकाला सोपे जाईल.