जनसंपर्क बारावीनंतरच शिकावा

“पोरगी चुरचुरीत बोलते, चारचौघांत बुजत नाही. मग पीआर शिकायला तिने तीन वर्षे कशाला घालवायची?” बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास कानावर येतो. वडील विचारतात, मामा विचारतो आणि वृत्तपत्रांत उभी हयात काढलेली माणसेही विचारतात, याचे मला जास्त वाईट वाटते. आधी अर्थशास्त्र किंवा इतिहास असे काही भरीव शिकावे, मग वर्षभराची पदविका करावी, उरलेले नोकरीत कळते, असा त्यांचा सल्ला. काही जण याहून पुढे जातात. जनसंपर्क म्हणजे पैसे घेऊन केलेली रंगसफेदी, विद्यापीठाने तिची पदवी देऊच नये, असे ते म्हणतात.

हा शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो जड आहे आणि त्यात तथ्य आहे. १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवू लागलेले एडवर्ड बर्नेज यांनीच १९२९ मध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेटी दिल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हणवले. पाठीशी तंबाखू कंपनी होती आणि ते लोकांना कळू दिले नव्हते. याची सारवासारव मी करणार नाही. पण बर्नेज यांची स्वतःची पदवी होती कॉर्नेलची, शेतीशास्त्राची. फसवायला जनसंपर्काची पदवी लागत नाही. ती मिरवणूक कोणी रचली, पैसा कोणाचा, तो लपवल्याने कोणाचे काय गेले, याची वर्गात चिरफाड केलेला विद्यार्थी उद्या तसेच काम टेबलावर आले तर ते निदान ओळखेल. वर्षभराच्या पदविकेत एवढी सवड नसते. प्रेसनोट लिहायला शिकेपर्यंत परीक्षा येते.

चुरचुरीत बोलण्याचा आक्षेप मात्र विषयच न समजल्यामुळे येतो. पुण्यातला १८९७ चा प्लेग आठवा. घरे तपासणे, रुग्ण वेगळे काढणे, सामान निर्जंतुक करणे यांमागे वैद्यकीय कारण होते. पण गोरे शिपाई माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरले. लोक तक्रारी करत होते, वृत्तपत्रे त्या छापत होती, कारभार तसाच चालू राहिला. घरोघरी रुग्ण लपवले जाऊ लागले, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप तेच हातचे गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्या इतिहासाचे मूळ परकी सत्तेत आहे, तो मी पीआरच्या चौकटीत कोंबत नाही. एवढेच म्हणतो की, घरातला आक्रोश कमिटीच्या टेबलापर्यंत नेऊन हुकूम बदलायला लावील, असे काम तिथे कोणाकडेच नव्हते. जनसंपर्क म्हणतात तो त्या कामाला.

आणि ते जमते. उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांना कितीतरी घरे दार लावून घेत होती. थेंबांनी मुले नपुंसक होतात, ही अफवा होतीच. पण इथे गटारे तुंबलीत, तापाला औषध मिळत नाही, मग सरकारला थेंबांचीच एवढी घाई का, असा रास्त सवालही होता. नुसती पोस्टरे वाढवून तो सुटला नसता. वस्तीतल्याच बाया घरोघर गेल्या, मौलवींशी बोलणी झाली, जोडीला आरोग्य शिबिरे आली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा नवा रुग्ण सापडला नाही.

असे काम करणाऱ्याला काय यावे लागते? पाहणीसाठी माणसे कशी निवडावीत, म्हणजे संख्याशास्त्र. वस्तीत कोणाचा शब्द चालतो, म्हणजे समाजशास्त्र. बदनामीचा कायदा, माहितीचा अधिकार. आणि मराठी! इंग्रजीतून ओढूनताणून आणलेली प्रेसनोट वाचून उपसंपादक ती बाजूला सारतो, तेव्हा चूक त्याची नसते. हे नोकरीत कळत नाही. नोकरीत कळते ते साहेबाला काय आवडते.

मुंबई विद्यापीठात २००० साली बीएमएम, म्हणजे माध्यमांची पदवी, सुरू झाली. तिसऱ्या वर्षी वाटा दोनच होत्या, पत्रकारिता किंवा जाहिरात. जनसंपर्क त्यातला एखादा पेपर असे. बोस्टन विद्यापीठाने १९४७ मध्येच त्याची स्वतंत्र शाळा काढली होती. आपल्याकडेही पूर्ण तीन वर्षांची, मराठीतून देता येईल अशी पदवी हवी. तिची इंटर्नशिप पंचतारांकित हॉटेलातल्या समारंभात पाहुण्यांना बिल्ले वाटण्यात जाऊ नये. मुलांना महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात बसवा. आलेल्या तक्रारी त्यांनी वाचाव्यात, तक्रारदाराच्या घरी जाऊन यावे, आणि तिथे जे ऐकले ते अधिकाऱ्यासमोर उभे राहून, एकही शब्द गुळगुळीत न करता सांगावे. त्याला गुण द्या.