फॉन्ड्यू आणि उष्ट्याचा प्रश्न

चीज फॉन्ड्यूचं नाव काढलं की मला दोन प्रश्न हमखास ऐकायला मिळतात. पहिला असा, की त्यात दारू घालतात ना? दुसरा बहुधा घरातल्या वडीलधाऱ्या बायका विचारतात आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवून खायचं, मग ते उष्टं होत नाही का? माझ्या सासूबाई धारवाडच्या, मी त्यांना अत्तीच म्हणते. त्यांनी तर भांडं टेबलावर यायच्या आधीच विचारलं होतं, "इदु एंजल आगूदिल्लेनु?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज दोन्हींची उत्तरं आणि त्यासोबत हिरव्या पानांचा वास असलेला घरगुती फॉन्ड्यू, असा बेत आहे.

फॉन्ड्यू म्हणजे 'वितळलेलं'. शब्द फ्रेंच, पदार्थ स्वित्झर्लंडचा. जाड बुडाच्या भांड्याला लसूण चोळायची, पांढरी वाइन गरम करायची, त्यात किसलेलं चीज वितळवायचं आणि भांडं टेबलाच्या मधोमध छोट्या शेगडीवर ठेवायचं. मग भोवती बसलेल्यांनी लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा आणि खायचा. बर्फात अडकलेल्या गवळ्यांनी शिळा पाव संपवण्यासाठी हा पदार्थ काढला, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट छान आहे. पण वाइनमध्ये चीज शिजवण्याची एक जुनी कृती मिळते ती १६९९ सालची, डोंगरातली नव्हे तर झुरिक शहरातली, आणि जर्मन भाषेत लिहिलेली. सगळ्या देशाचा पदार्थ म्हणून फॉन्ड्यू मिरवू लागला तो थेट गेल्या शतकात. १९१४ साली निघालेल्या स्विस चीज युनियनने चीजचा खप वाढावा म्हणून १९३०च्या दशकात त्याची 'राष्ट्रीय पदार्थ' अशी जाहिरात केली. युनियन १९९९ मध्ये गुंडाळली गेली, पदार्थ मात्र राहिला. जर्मन बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे, दोघंही तो आपलाच समजतात. आपल्याकडच्या पुरणपोळी आणि होळिगीसारखंच म्हणा ना!

आता दारूचं. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबुर नावाचा एक प्रांत आहे. तिथे दोन भाषा सरकारी आहेत. बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात, बाकीचे जर्मन. नदी एकच, पण फ्रेंचमध्ये ती सारीन आणि जर्मनमध्ये झाने. जर्मन बोलणारे त्या प्रांतालाही फ्रायबुर्ग म्हणतात. आपल्या भागातल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही. तर या फ्रिबुरमध्ये वाशरँ नावाचं मऊसर चीज होतं आणि नुसत्या वाशरँचा फॉन्ड्यू तिथे वाइनमध्ये नव्हे, पाण्यात करतात. अगदी मंद आचेवर, उकळी येऊ न देता. त्यात पावाबरोबर उकडलेले बटाटेही बुडवतात. याच प्रांतात ग्रुयेर आणि वाशरँ निम्मं-निम्मं घेऊन वाइनमधला फॉन्ड्यूही करतात, तोही तितकाच अस्सल. म्हणजे वाइन न घातलेला फॉन्ड्यू ही आपण शाकाहारी, सोवळ्या घरांसाठी काढलेली पळवाट नाही. तो पदार्थाच्या माहेरीच आहे.

वाइनचं तिथलं काम मात्र समजून घ्यायला हवं, नाहीतर नुसत्या पाण्यात आपलं चीज गोळा होऊन बसेल. चीजमधली प्रथिनं कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट धरून असतात. वाइनमधलं आम्ल ते कॅल्शियम आपल्याकडे ओढून घेतं आणि ही पकड सैल होते. वर थोडं कॉर्नफ्लोअर घातलं की तूप एकीकडे आणि चोथा दुसरीकडे असं होत नाही. वाइन नसेल तर हे काम लिंबाचा रस करतो. आणखी एक गंमत. आपल्या फ्रीजमध्ये असतं त्या प्रोसेस्ड चीजमध्ये पकड सैल करणारे क्षार आधीच घातलेले असतात, म्हणून ते न फुटता वितळतं. हे प्रोसेस्ड चीजसुद्धा मूळचं स्वित्झर्लंडचंच, १९११ साली थून गावात दोघा स्विसांनी बनवलेलं. तेव्हा त्याला नाक मुरडायचं कारण नाही. फक्त ते एकटं घातलं तर चव सपाट लागते, म्हणून निम्मं दुसरं चीज हवं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. परदेशी ग्रुयेर विकत घेऊन खरा स्विस फॉन्ड्यू करायचा असेल, तर ते चीज विरजण्यासाठी वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात, हे घरात आधी सांगावं. आपल्याकडे सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज सहज मिळतं. पाकिटावर मायक्रोबियल किंवा व्हेजिटेरियन रेनेट असं लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्यायचं. "विचारलं नाही, मग सांगायचं कशाला" असा हिशेब काही घरांत चालतो. मला तो मुळीच पटत नाही. ज्या बाईने साठ-सत्तर वर्षं एक नेम पाळला, तिच्या नकळत तो आपण मोडायचा आणि वर नव्या पद्धतीचं खायला शिकवलं म्हणून मिरवायचं, याला काय म्हणावं?

चार माणसांना पोटभर नाश्ता होईल असं प्रमाण देते. तिकडे माणशी २०० ग्रॅम चीज धरतात. आपल्या पोटांना त्याच्या निम्मं पुरतं. २०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज आणि २०० ग्रॅम चेडर किंवा गौडा किसून घ्या. पिझ्झावर घालतात ते मोझरेला यात नको, त्याच्या तारा टेबलभर लोंबतात. किसावर दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हाताने सारखं करा. जाड बुडाच्या पातेल्याला आतून लसणाची सोललेली पाकळी चोळा. त्यात पाऊण कप पाणी, म्हणजे साधारण १५० मिली, आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून गरम करा. वाफ निघू लागली की गॅस अगदी मंद करा आणि किस मुठीमुठीने घालत लाकडी चमच्याने ढवळत राहा. पहिली मूठ विरघळल्याशिवाय दुसरी घालायची नाही. हात गोल न फिरवता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे मधलं चीज तळाला बसत नाही. घट्ट वाटलं तर चमचा-चमचा गरम पाणी घाला. पाण्याऐवजी दूध चालेल, पण मग लिंबू घालू नका, दूध फाटेल. मीठ घालायचं नाही, चीजमध्ये भरपूर असतं. मिरपूड आणि किंचित जायफळ मात्र हवं. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर लिंबाच्या रसात कालवून घाला आणि जोराने घोटा, बहुतेक वेळा सावरतं.

पानांची गोष्ट मला सगळ्यात जवळची. तिकडे पार्सली, चाइव्ह आणि थाईम घालतात. चाइव्ह ही कांद्याच्याच कुळातली बारीक पात, म्हणून तिच्या जागी पातीच्या कांद्याचा हिरवा भाग बारीक चिरून दोन चमचे घाला. थाईमसाठी दुकानात धावू नका, त्याचं नातलग आपल्या परसात, नाहीतर गॅलरीतल्या कुंडीत आहे. आपण ज्याला पानओवा किंवा ओव्याचं पान म्हणतो आणि कन्नडमध्ये दोड्डपत्रे म्हणतात तेच, जाड, लुसलुशीत, लव असलेलं. माझ्या माहेरी त्याची भजी व्हायची, सासरी त्याची तंबुळी होते. थाईम आणि दोड्डपत्रे दोन्ही तुळशी-पुदिन्याच्या कुळातले. थाईमला जो वास थायमॉलमुळे येतो तो यातही आहे. ओव्याच्या दाण्यातही तेच द्रव्य असतं, कूळ मात्र वेगळं. चार माणसांना दोन मध्यम पानं पुष्कळ झाली. तिसरं घातलंत तर फॉन्ड्यूला सर्दीच्या काढ्याचा वास येईल. ही पानं अगदी बारीक चिरून चीज घालण्याआधी गरम पाण्यात टाकावीत, त्यांचा उग्रपणा थोडा उतरतो. पात आणि पार्सली उतरवताना घालावी. कोथिंबीर घातली की सगळं कोथिंबिरीचंच लागतं, म्हणून मी घालत नाही. शेपू, म्हणजे आमच्याकडची सब्बसिगी, चमचाभर छान लागते, पण शेपूवरून घरात दोन पक्ष असतात हे ठाऊक असल्यामुळे मी आग्रह करत नाही.

बुडवायला आदल्या दिवशीचा पाव घ्या. ताजा मऊ पाव चीजमध्येच विरघळतो. प्रत्येक तुकड्याला एका बाजूला कडक कवच हवं, तिथेच काटा घट्ट रुततो. बेकरीतला कडक पाव किंवा गोव्याहून कुणी आणलेले उंडे यासाठी उत्तम. शिवाय छोटे उकडलेले बटाटे, वाफवलेल्या फ्लॉवरचे तुरे घ्या. टेबलावर भांडं गरम ठेवायला स्पिरिटची शेगडी मिळते, पण घरात लहान मुलं असतील तर ती टाळा. रुंद परातीत कढत पाणी घालून त्यात पातेलं ठेवलं तरी अर्धा तास निभावतं. खानापूरकडचं मातीचं भांडं वापरायचा मोह होईल, तिकडचं पारंपरिक भांडंही मातीचंच असायचं. मात्र ते विस्तवावर ठेवायच्या जातीचं आहे का, हे विकणाऱ्याला विचारून घ्या.

सोबत काय प्यायचं यावरून तिकडेही मतभेद आहेत. वाइन की गरम काळा चहा? झुरिकच्या डॉक्टरांनी २० निरोगी माणसांना फॉन्ड्यू खायला घालून हे चक्क तपासलं. २०१० साली त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दारू घेतली की पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, असं त्यांना दिसलं. आपला बिनदुधाचा चहाच बरा.

आता उष्ट्याचं. मुळात तिकडचा शिष्टाचारही असा आहे, की काट्यावरचा तुकडा दातांनी अलगद काढून घ्यायचा, काट्याला ओठ-जीभ लावायची नाही. कित्येक जण तो तुकडा आधी आपल्या बशीत काढतात आणि दुसऱ्या काट्याने खातात. भांडं गरम असतं पण उकळत नसतं, तेव्हा "विस्तवावर आहे, सगळं शुद्ध होतं" हा युक्तिवाद मी कुणापुढे करणार नाही. सर्दी-खोकला असलेल्याने तर बुडवूच नये. म्हणजे अत्तींचा प्रश्न जुनाट नाही, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

आमच्या घरी अत्ती सगळ्यांचं झाल्यावर एकट्या जेवायच्या. कितीदा सांगून झालं, पण त्यांचा शिरस्ता मोडेना. फॉन्ड्यूच्या दिवशी मी पहिला काटा बुडायच्या आत त्यांच्यापुरतं चीज एका स्टीलच्या वाटीत काढलं, ती वाटी गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवली आणि त्यांचा वेगळा काटा त्यांच्यापुढे मांडला. फॉन्ड्यू गार झाला की खाण्यालायक राहत नाही, थांबून मागून खायची सोयच त्यात नाही. त्या बसल्या. आमच्या शेजारी, त्याच वेळी. आता आमच्याकडे त्या वाटीला 'अज्जीची वाटी' असं नाव पडलंय आणि तीत काटा घालायची कुणाची छाती नाही.

ज्याचा पाव भांड्यात पडेल त्याने दंड भरायचा, हाही तिकडचाच रिवाज. गाणं म्हणायचं, नाहीतर वाइनची बाटली आणायची. आमच्याकडे मराठीत बडबडणाऱ्याने कन्नड गाणं म्हणायचं आणि कन्नडमध्ये बोलणाऱ्याने मराठी. मुलं यात दोन्हीकडून सुटतात. सापडतो तो त्यांचा बाप!

शेवटी तळाला खरपूस पापुद्रा राहतो. फ्रेंचमध्ये त्याला रलिजियूझ, म्हणजे जोगीण म्हणतात. तो उलथन्याने सोडवून सगळ्यांना तुकडा-तुकडा वाटायचा. दुधाच्या खरवडीवर वाढलेल्या मुलांना त्याची गोडी सांगावी लागत नाही. मग पातेलं गार पाण्यात भिजत टाका. गरम पाण्याने चीज आणखी चिकटतं आणि घासताना तुमचाच जीव जातो.