खेळातला वाडा, आजीच्या हातातले चित्र

सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, 'दिवसभर त्या संगणकाला चिकटून बसते!' आई बडबडते, मुलगी मान हलवते आणि खेळ चालूच राहतो. पण समजा, या मुलीने 'माइनक्राफ्ट'मध्ये ठोकळ्यावर ठोकळा रचत चक्क आजोळचा वाडा उभा केला आहे. ओसरी, चौक, परसातली विहीर, अंगणात तुळशीवृंदावन. गावाकडचा खरा वाडा केव्हाच विकला गेला. हा वाडा आजीला दाखवायचा, तर आजी काही संगणकापुढे बसणार नाही. तिला हातात धरून न्याहाळता येईल असे चित्र हवे. तेही ठोकळ्यांचे नको, रंगवल्यासारखे हवे.

हे काम घरच्या संगणकावर, सॉफ्टवेअरसाठी पैसा न मोजता होते. त्यासाठी 'गिम्प' आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतले. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी ते वाढवले आणि २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. मात्र ते गिम्पच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. फुकटच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात मारणारे इंटरनेटवर कमी नाहीत.

आधी चांगला स्क्रीनशॉट हवा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 'एफ १' दाबले की पडद्यावरची सामानाची पट्टी आणि मधली खूण नाहीशी होते, 'एफ २' दाबले की चित्र टिपले जाते. घाई करू नये. खेळातला अख्खा दिवस २० मिनिटांचा असतो, तेव्हा संध्याकाळच्या केशरी आभाळाची वाट पाहणे फारसे जड जात नाही. वाडा अगदी समोरून न घेता थोडा कोपऱ्यातून घेतला, तर ओसरी आणि चौक दोन्ही दिसतात.

आता चित्र गिम्पमध्ये उघडून त्याच्या थराची, म्हणजे लेयरची, एक प्रत करावी. 'फिल्टर्स'च्या यादीत 'आर्टिस्टिक' नावाचा गट आहे. त्यात कार्टून, क्युबिझम असे पुष्कळ प्रकार मिळतात. वाड्यासाठी 'ऑइलिफाय' बरे. नाव तैलचित्राचे असले तरी कुंचला वगैरे काही फिरत नाही. प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या लहानशा वर्तुळात जी छटा सर्वात जास्त वेळा येते, ती त्या ठिपक्याला दिली जाते. त्यामुळे बारीक खरखर जाते, सारख्या रंगाचे पट्टे एकमेकांत मिसळतात आणि ठोकळ्यांच्या टोकदार कडा मऊ होतात.

आणि फसगतही इथेच होते. वर्तुळ मोठे केले की चित्र झटकन 'कलात्मक' दिसू लागते, म्हणून नवखा माणूस ते वाढवतच जातो. पण वर्तुळात बहुमत असते भिंतीचे आणि अंगणाचे. तुळशीवृंदावन बिचारे चार हिरव्या ठिपक्यांचे! बहुमतापुढे त्याचा निभाव लागत नाही, ते अंगणाच्या रंगात बुडून जाते. उरतो तो कोणाचाही वाडा. आजी ज्या खुणेने घर ओळखणार, नेमकी तीच पुसली जाते.

उपाय सोपा आहे. वर्तुळाची त्रिज्या ४ ते ६ एवढीच ठेवावी. मग वरच्या थराला पांढरा 'लेयर मास्क' लावावा आणि मऊ ब्रशने, काळ्या रंगाने, तुळस, विहीर आणि दाराची चौकट यांवरून फिरवावे. तेवढ्या जागी खालचे मूळ चित्र डोकावते, बाकीचे रंगवलेलेच राहते. कडा फार तुटक वाटल्या तर करडा रंग वापरावा. यात अर्धा तास जातो, पण चित्र मुलीचे होते ते या अर्ध्या तासातच. फिल्टरचे बटण तर कोणीही दाबील.

प्रत्येक खेळावर हा प्रयोग करू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा २०२० मधला खेळ पाहावा. त्याची दृश्ये मुळातच पहाडी लघुचित्रांच्या धाटणीने रंगवलेली. त्यांवर तैलरंगाचा फिल्टर चढवणे म्हणजे भरजरी शालूवर पुन्हा ठसे उमटवणे.

काम 'एक्ससीएफ' स्वरूपात जपून ठेवावे, म्हणजे नंतर बदल करता येतो. छपाईसाठी 'पीएनजी' प्रत काढावी. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने जेमतेम ६.४ इंच रुंद छापले जाते. ए-४ कागदभर पसरले तर इंचाला १६४ च्या आसपास ठिपके पडतात. साधा स्क्रीनशॉट तेवढ्यात दातेरी दिसू शकतो, रंगवलेल्यात ते फारसे जाणवत नाही. घरात लावायला हे ठीक आहे. विकायचे मनात असेल, तर खेळ काढणाऱ्या कंपनीचे नियम आधी वाचावेत.

चित्र हाती पडले की आजी चष्मा लावील, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहील आणि मग विचारील, 'अगं, विहिरीवरचा रहाट कुठे गेला?' मुलगी पुन्हा संगणक सुरू करील. या वेळी आईही शेजारी खुर्ची ओढून बसेल, कारण रहाट कोणत्या बाजूला होता हे तिलाच ठाऊक आहे.