गोवा आला, पण घर कुठे आले?

गोव्याला पोहोचण्याचे मार्ग गेल्या पंचवीस-तीस वर्षांत भराभर वाढले. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा मार्ग सलग सुरू झाला आणि रात्रभर घाटवळणे सोसत बसने जाणाऱ्यांची सुटका झाली. जून २०२३पासून मुंबई-मडगाव वंदे भारत आहे, पावसाळा सोडला तर जेमतेम आठ तासांची. त्याच वर्षी जानेवारीत पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. दाभोळीचा जुना विमानतळ नौदलाचा तळ असल्याने नागरी विमानांना तिथे वेळेची बंधने होतीच. एकट्या मुंबई-गोवा महामार्गाचे रडगाणे तेवढे संपलेले नाही.

खरी परीक्षा उतरल्यावर सुरू होते.

आधी कुठे उतरायचे ते पाहू, कारण अनेकजण सवयीने थेट मडगावचे तिकीट काढतात. हरमल, मांद्रेकडे जायचे असेल तर पेडणे जवळ, म्हापसा, कळंगुट, बागासाठी थिवी, पणजी आणि जुन्या गोव्यासाठी करमळी, पाळोळेसाठी काणकोण. प्रत्येक गाडी या प्रत्येक स्थानकावर थांबत नाही, हे मात्र आधी बघून घ्यावे. मडगावला उतरून हरमलला जाणारा प्रवासी जवळजवळ अख्खा गोवा उभा ओलांडतो आणि त्याचे पैसे टॅक्सीला मोजतो.

एवढी महाग टॅक्सी टाळायची, तर गोव्यात कदंब परिवहन महामंडळाची शटल आहे, आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या शहरांना जोडणाऱ्या या बसचे तिकीट खिडकीवर आधी काढायचे, बसायचे आणि मधे कुठेही न थांबता पोहोचायचे. मोपा विमानतळावरूनही कदंबच्या बस सुटतात. पण शटल शहराच्या बसस्थानकावर सोडते. तिथून गावात नेणाऱ्या खासगी मिनीबस दिवसा गच्च भरून धावतात आणि अंधार पडला की विरळ होतात. मग उरतो तो पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा परवानाधारक चालक. एकट्या प्रवाशासाठी ही गोव्याची अस्सल सोय. हातात दोन बॅगा आणि सोबत आजी असली की निरुपयोगी.

टॅक्सीचा वाद तर वर्षानुवर्षे चिघळला आहे. २०१८मध्ये गोवा माइल्स हे ॲप आले, तेव्हापासून स्थानिक टॅक्सीवाल्यांचा त्याला विरोध आहे. त्यांची भीती खोटी नाही. कर्ज काढून गाडी घेतलेल्या माणसाला बाहेरची मोठी कंपनी आपला भाव ठरवील, याची धास्ती वाटणारच. पण बसण्याआधी भाडे कळणे हा प्रवाशाचा हक्क आहे, आणि सरकारने इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा काढलेला नाही, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

नद्यांकडे मात्र राज्याचे वेगळे रूप दिसते. जुन्या गोव्याहून दिवाडी बेटावर जाताना आजही फेरीबोटच लागते, कारण बेटाला रस्त्याचा पूल नाही. पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. केरीहून तेरेखोलला फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते. बोट बंद असेल तर गोव्यातल्याच या गावी महाराष्ट्रातून वळसा घालून जावे लागते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामध्ये माणसांची ने-आण याच बोटींनी केली होती. २०२५मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो बोटी आल्या, हे चांगले झाले.

पण पैसा आणि उत्साह बहुतेक पुलांनाच मिळाला: २०१९चा अटल सेतू, त्यानंतरचा नवा झुआरी पूल. दोन्हींची गरज होती, यात शंका नाही. मात्र रुंद पुलावरून बसची संख्या वाढली नाही तर तो गाड्यांनीच भरतो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. नोंदणी झालेल्या वाहनांनी तो आकडा केव्हाच मागे टाकला आहे. घरटी स्कूटर ही गोंयकाराची हौस कमी आणि नाइलाज अधिक आहे.

पर्यटक काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची स्कूटर घेऊन मोकळा होतो. कळंगुटच्या हॉटेलात रात्री अकराला पाळी संपवणाऱ्या स्वयंपाक्याला, रुग्णालयातून उशिरा निघणाऱ्या परिचारिकेला दिवसाचे भाडे परवडत नाही. त्यांच्यासाठी कदंबने रात्रीच्या निदान दोन फेऱ्या किनारपट्टीवर सोडाव्यात, थिवी आणि करमळीला संध्याकाळच्या गाड्यांच्या वेळेला बस उभी ठेवावी, गाडीला उशीर झाला तर बसनेही थांबावे. याला नवा पूल लागत नाही, भूसंपादनही लागत नाही. लागतात त्या काही बस, त्यांवरचे चालक-वाहक, आणि स्थानकाच्या भिंतीवर ठळक लावलेले वेळापत्रक.