पहिला बांबू हाती कोण देतो?

गोपाळकाल्याच्या दिवशी टेंभी नाक्यावर गर्दीत उभे राहून जो कोणी मान वर करतो, त्याची नजर अखेर एकाच ठिकाणी खिळते. खालच्या थरातील रुंद खांद्यांची माणसे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहते ते सर्वांत वर चढणारे किडकिडीत पोर. दुसऱ्याच्या खांद्यावर पाय रोवून ते क्षणभर तोल साधते, हात सोडते आणि हंडीकडे झेपावते. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या या उत्सवाचे कौतुक, त्याचे राजकारण आणि त्यातला गोंगाट यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्या पोराचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

पुढे काय होते ते गोविंदा पथकांतील सर्वांना ठाऊक असते. पोर वाढते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याची उंची एकाएकी वाढते, वजन चढते, आणि ज्या अंगचणीवर त्याचा मान होता ती अंगचणच नडू लागते. एका वर्षी ते एक थर खाली येते, पुढल्या वर्षी आणखी एक, आणि विशीत ते तळाच्या गर्दीत मिसळून जाते. उंचीची भीती मोडण्यासाठी लागलेली चार-पाच वर्षांची कमाई तिथेच संपते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर हे कौशल्यरूपी भांडवल आहे आणि ते आपण ऐन उमेदीच्या वयात निकालात काढतो.

गेल्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्गात ‘मागणी’ हा विषय शिकवीत असताना सहज विचारले की, गोविंदा पथकात कोण कोण जाते? डझनभर हात वर झाले. त्यांपैकी तिघे कधी ना कधी सर्वांत वरच्या थरावर चढलेले होते. मग विचारले, पोल व्हॉल्टचा पोल, आपली जुनी बांबूउडी, हातात धरून पाहिलेले कोणी आहे का? एकही हात वर आला नाही. एकाने मात्र प्रामाणिकपणे विचारले, “सर, ती दूरदर्शनवर दाखवतात तीच ना?” उत्तर होकारार्थीच होते, पण प्रश्नातच आमच्या शहराचे उत्तर आले होते.

हे दोन खेळ एकमेकांजवळ आणून ठेवण्याचे कारण केवळ उंची नव्हे. बांबूउडीत नाव मिळविलेली माणसे त्या खेळाकडे कशी वळली हे पाहिले, तर बहुधा असे दिसते की, ती मुळात दुसऱ्याच कशासाठी तरी तयार झालेली होती. रशियाची येलेना इसिनबायेवा वोल्गोग्राड येथे वयाच्या पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स शिकत होती. पंधराव्या वर्षी तिची उंची त्या खेळाच्या दृष्टीने अधिक झाली आणि तिला तो सोडावा लागला. म्हणजे आमच्या पोराप्रमाणे तीही वरच्या थरावरून खाली आली. तिच्या हाती पोल देणारे कोणीतरी जवळ होते, एवढाच काय तो फरक. २००५ च्या जुलैत लंडन येथे पाच मीटरवरून जाणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. २००० साली सिडनीला स्त्रियांची बांबूउडी ऑलिंपिकमध्ये प्रथम आली, तेव्हा सुवर्णपदक मिळविणारी अमेरिकेची स्टेसी ड्रॅगिला ही मूळची सप्तक्रीडेची, म्हणजे हेप्टॅथलॉनची, खेळाडू होती. विद्यापीठातील प्रशिक्षकाच्या आग्रहामुळे ती इकडे वळली.

काहींच्या बाबतीत हा खेळ घरातच होता. कॅलिफोर्नियातील कॉर्नेलियस वॉर्मरडॅम हा डच स्थलांतरित शेतकऱ्याचा मुलगा. त्याने उड्या मारण्यास सुरुवात केली ती शेतातल्या पालकाच्या वाफ्यापाशी, असे त्याच्याविषयी सांगतात. १९४० साली हाच गृहस्थ पंधरा फुटांवरून गेला. असे करणारा तो पहिला, आणि त्याच्या हातात होता साधा बांबू. आजचा अजिंक्य वीर आर्मांड ड्युप्लांटिस याचे वडील स्वतः बांबूउडीपटू. लुइझियाना राज्यातील घराच्या परसातच त्यांनी धावपट्टी आणि गादी मांडली होती, त्यामुळे मुलाने बाराखडीबरोबर बांबूही गिरविला असे म्हणण्यास हरकत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियो येथे तो ६.३० मीटरवरून गेला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील विजयी उडी ३.३० मीटरची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराची कल्पना येईल.

मुळात हा खेळ कोणा राजाने किंवा संस्थेने शोधून काढलेला नाही. नेदरलँड्समधील फ्रिसलंड प्रांतात शेतातून शेतात जाताना वाटेत पाण्याचे चर लागत. ते ओलांडण्यासाठी लोक लांब काठी पाण्यात रोवून पलीकडे झेपावत, आणि त्या उडीच्या स्पर्धा तेथे अजूनही भरतात. इंग्लंडच्या पाणथळ भागातही तीच रीत होती. पुढे जर्मन व्यायामशिक्षकांनी ही उडी आखाड्यात आणली, आणि लांब जाण्याऐवजी उंच जाणे हा तिचा हेतू झाला. ॲश किंवा हिकरीच्या जड काठ्या जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभी बांबू आला, नंतर धातूचे पोल आणि १९६० च्या सुमारास काचतंतूचे. शहापूर-मुरबाडच्या बाजूला ज्याने बांबूची बेटे पाहिली आहेत, त्याला या इतिहासाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. जगाने जवळजवळ चाळीस वर्षे ज्या वस्तूवर विक्रम केले, ती आमच्या जिल्ह्यात उदंड होती. तिचा उपयोग आम्ही मांडव घालण्यापुरताच केला.

अर्थात, आता केवळ बांबू असून भागत नाही, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. काचतंतूचा पोल वाकतो. धावण्याच्या वेगातील शक्ती तो साठवतो आणि सरळ होताना ती खेळाडूला परत देतो. पण तो किती वाकावा हे खेळाडूच्या वजनावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक पोलवर लांबी आणि पेलण्याचे वजन नोंदलेले असते, आणि मुलगा वाढला की त्याला पुढचा पोल लागतो. एका मुलाचा सराव नीट चालायचा, तर वर्ष-दोन वर्षांत चार-पाच पोल हाताखाली असावे लागतात. ते बहुतेक परदेशातून येतात आणि रेल्वेच्या डब्यात मावत नाहीत. त्याखेरीज चाळीस-पंचेचाळीस मीटरची धावपट्टी, तिच्या टोकाला पोल रोवण्याची पेटी, आणि पडण्यासाठी जाड गादी हवी. ही गादी अर्धी घेता येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला अविभाज्य भांडवल म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण मला माझ्या वर्गात देता येत नाही. वाळूच्या खड्ड्यात पडून उडी शिकण्याचे दिवस कधीच संपले. आज तसे कोणी शिकवू लागला तर त्याला गुन्हेगारच म्हणावे लागेल.

म्हणूनच या खेळात पाऊल टाकणारा मुलगा एकतर ड्युप्लांटिससारखा बापाच्या परसात जन्मावा लागतो, किंवा सार्वजनिक पैशाने उभ्या केलेल्या मैदानाजवळ राहणारा असावा लागतो. परसाची गोष्ट आमच्या दोन खोल्यांच्या घरांत बोलू नये. उरला दुसरा मार्ग. मध्य प्रदेशाने भोपाळला राज्याची अकादमी उभी केली, आणि देवास जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेला देव मीणा तेथे घडला. २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत त्याने ५.३२ मीटरची उडी घेऊन राष्ट्रीय विक्रम केला, आणि पुढे तो स्वतःच सुधारला. त्याच्याआधीचा विक्रम तमिळनाडूच्या शिव सुब्रमण्यमचा होता. या दोन प्रांतांतील हवापाणी उडीला अधिक मानवते असे कोणी म्हणणार नाही.

महाराष्ट्राला असे करता येत नाही, असेही नाही. आम्ही ते एकदा करून दाखविले आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब रूढ केला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. माकडांच्या चापल्यावरून त्यांना तो सुचला, ही कथा खरी मानावी की न मानावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण मल्लखांब गावोगाव का पसरला याचे कारण दंतकथेत नाही. लाकडाचा एक खांब जमिनीत पुरला की त्यावर शंभर मुले शिकतात आणि दोन पिढ्या शिकतात. वजन वाढले म्हणून खांब बदलावा लागत नाही. चरईतील मावळी मंडळासारख्या जुन्या संस्था असोत की अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असो, वर्गणीच्या पैशावर या संस्था चालल्या. अमरावतीच्या मंडळाने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तेथे नेऊन दाखविले. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. २०२२ साली गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाला स्थान मिळाले. म्हणजे शरीर उलटे करून हवेत तोल साधणारी मुले आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत. बांबूउडीतील निम्मी विद्या हीच आहे. वेगाने धावणे ही उरलेली निम्मी.

वर्गणीचा पैसा आज नाही असे म्हणण्याचीही सोय नाही. ठाण्यातील हंड्यांची बक्षिसे लाखांच्या घरात आहेत. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच ४३.७९ फुटांचा मनोरा रचून विक्रम केला, आणि २०२५ मध्ये येथेच दहा थर लागले. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना खेळाडूंच्या राखीव जागांतून नोकऱ्या देण्याची घोषणा केली. त्यावर स्पर्धापरीक्षांच्या विद्यार्थ्यांनी जी नाराजी व्यक्त केली ती मला समजते. पण त्याहून मोठा आक्षेप असा की, खेळाचा दर्जा दिला आणि मैदान दिले नाही. खेळाडू घडविण्याआधीच त्याला नोकरीचे आश्वासन देणे म्हणजे पीक पेरण्याआधी खळे सारवणे होय.

काहीजण म्हणतील, शहरात कचऱ्याचा, पाण्याचा, रस्त्यांचा प्रश्न असताना ही चैन कशाला? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु गोविंदा हा फुकटचा खेळ नाही. गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जखमींचा जो आकडा छापून येतो, त्याचा खर्च रुग्णालये आणि त्या मुलांचे आईबाप सोसतात. तो कोणाच्या अंदाजपत्रकात दिसत नाही एवढेच. २०१७ साली उच्च न्यायालयात शासनाने चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही अशी हमी दिली. म्हणजे कायद्यानेच वरच्या थरावरील पोराचे वय आता चौदाच्या पुढे गेले आहे, आणि पंधरा-सोळाला त्याचे वजन वाढू लागते. त्याच्या त्या शिखराची मुदत जेमतेम दोन वर्षांची. इसिनबायेवाने पोल हाती घेतला तो नेमका याच वयात.

दादोजी कोंडदेव क्रीडागृह टेंभी नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे किंवा महापालिकेच्या दुसऱ्या एखाद्या मैदानावर एक गादी, एक पेटी आणि चाळीस किलोपासून सत्तर किलोपर्यंतच्या वजनाचे दहा-बारा पोल ठेवावेत, आणि पगारी प्रशिक्षक नेमावा. मानधनावरचा नव्हे, कारण मानधनावरचा माणूस सहा महिन्यांत दुसरी नोकरी शोधतो. शहरातील मोठ्या हंड्यांच्या आयोजकांनी आपल्या बक्षिसाच्या रकमेतील दहावा भाग जरी एक वर्ष एकत्र केला, तरी आरंभाची सामग्री येईल. पुढचा पगार महापालिकेने द्यावा. निवडीसाठी वेगळी शिबिरे भरविण्याचे कारण नाही. गोपाळकाल्यानंतरच्या आठवड्यात प्रत्येक पथकाच्या प्रमुखाला एवढेच विचारावे की, यंदा तुमच्याकडे वरून खाली उतरलेली मुले कोणती? मुलींच्या पथकांनाही तेच विचारावे. नावे त्यांना तोंडपाठ असतात.